पंगतीतला डावा हात

२०२३ साल. मला बाहत्तरावं लागलं होतं, आणि त्या उन्हाळ्याच्या तोंडाला माझा उजवा हात मनगटात मोडला.

माझ्याच हट्टानं मोडला असं घरचे सांगतात. सांगू देत. लातूरला आमचं किराणा दुकान आहे, आता पोरगा चालवतो. वरच्या फळीवरचा डबा काढायचा होता. पोरगा म्हणाला, "अप्पा, तुम्ही चढू नका, पडाल." हे तो गिऱ्हाइकासमोर म्हणाला. घरात म्हणला असता तर मी चढलो नसतो. साखरेच्या पोत्यावर पाय दिला, पोतं सरकलं, मी खाली आणि हात माझ्याखाली.

प्लास्टर घातलं, प्लास्टर निघालं, पण बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, वेळ लागेल. जणू वय झालं हे मला त्यांनीच सांगायचं राहिलं होतं. भाकरी मोडता येईना, सदऱ्याची गुंडी लावता येईना, गड्याच्या अंगावर ओरडताना बोट दाखवावं तर तेही सरळ होईना.

आता एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नव्हती. मी जन्माचा डावरा आहे.

आमचं मूळ गाव जळकोटच्या अलीकडं. लहानपणी मी डाव्या हातानं जेवायला लागलो की आई चिंधी घ्यायची आणि माझा डावा हात कमरेच्या करदोड्याला बांधायची. मारून नाही, मायेनं बांधायची, हेच वाईट. मारलं असतं तर मी भांडलो असतो. एका हातानं बांधायची आणि दुसऱ्यानं डोक्यावरून हात फिरवायची, "सोन्या, लोक हसतील रे." शाळेत मास्तरांना तेवढी माया नव्हती, ते छडीच्या कडेनं बोटांच्या गाठींवर मारायचे. चौथीपर्यंत मी जे काय लिहिलं ते उजव्या हातानं, म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. मास्तर म्हणायचे, अक्षरावरनं अक्कल कळती. माझी अक्कल त्या हातात नव्हतीच, पण सांगणार कुणाला? चौथीनंतर शाळा सुटली.

उरलंसुरलं दुकानानं केलं. वडिलांनी लातूरला दुकान टाकलं तेव्हा मी मिसरूड फुटलेला होतो. एका सकाळी दुकान उघडलं, पहिलंच गिऱ्हाईक, एक म्हातारा. त्याला गूळ तोलून दिला तो चुकून डाव्या हातानं. त्यानं गुळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुडा परत फळीवर ठेवला. "सकाळची पयली भवानी अन् डाव्या हातानं देतूस व्हय रं? नको तुजा गूळ."  वडील नुसते माझ्या हाताकडं बघत राहिले, दुकानात घूस शिरल्यावर बघावं तसं. त्या दिवसापासून माझा डावा हात गल्ल्याखाली राहिला. लग्नाच्या फोटोत तो पाठीमागं आहे. बायकोलासुद्धा कळलं नाही.

कळलं ते दवाखान्यात. तिथं हाताचा व्यायाम करून घेणारी एक पोरगी होती, लातूरचीच, बोलायला चुणचुणीत. तिनं रबरी चेंडू घेतला. "आजोबा, उजव्या हातानं झेलायचा हं," म्हणून माझ्याकडं टाकला. मी विचार करायच्या आत डावा हात गेला आणि चेंडू घेऊन मोकळा झाला. तिनं परत टाकला. परत तेच.

"आजोबा, तुम्ही मूळचे डावखुरे आहात का?"

"कोण म्हणतंय?"

"हात म्हणतोय की."

बायको शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिनं पदर सावरला आणि माझ्याकडं नवीनच माणूस आल्यासारखं पाहिलं. "अवो, खरं का?"

"चेंडू काय, कुत्रंबी झेलतंय," मी म्हणलं.

पोरगी हसली. म्हणाली, "मग चांगलंच आहे की. उजवा सुटेपर्यंत डाव्यानं जेवा, डाव्यानं दाढी करा. त्यात लाजायचं काय? जसे आहात तसे चांगले आहात. स्वतःवर जरा प्रेम करायला शिका, आजोबा."

मला इतका राग आला की चेंडू भिंतीवर मारला. डाव्या हातानंच मारला, तोही बरोबर खिडकीखाली व्यायामासाठी रंगवलेल्या खुणेवर बसला. लातूरला सगळ्याचे क्लास आहेत, आता हेही शिकवतात का काय? स्वतःवर प्रेम करा! बाहत्तर वर्षाच्या माणसानं आरशापुढं उभं राहून स्वतःचा मुका घ्यावा की काय?

 रिक्षा घराजवळ आल्यावर बायको म्हणाली, "पन्नास वर्सं हुत आली. एका ताटात जेवलो. मला सांगायला काय झालं हुतं?"

"काय सांगू? एक हात खोटा निघालाय, बापाकडनं बदलून आण म्हणून?"

"तोंड तेवढं मोडलं न्हाई पोत्यावरनं पडून," ती म्हणाली.

मग रोज दोन वेळा ती मला भरवायला बसायची. तिचं कंबरडं दुखायचं, माझा जीव जायचा. घास मोठा झाला की मी ओरडायचो, लहान झाला की ओरडायचो. "लेकराला भरवणं बरं," ती म्हणायची, "ते निदान तोंड उघडतंय तरी." पोरगा चमचा घेऊन आला. आता उजव्या हाताला चमचा धरवत नाही, आणि डाव्यात धरायचा तर चमच्यानं काय हात पवित्र होतो? मी चमचा मोरीकडं भिरकावला.

एका दुपारी ती शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. पोरगा दुकानात, सून माहेरी. ताट झाकून ठेवलं होतं. मी दाराला कडी लावली आणि ताटापुढं बसलो. भातावर वरण घातलं. डाव्या हातानं कालवलं, घास केला, तोंडात घातला. एक शीत सांडलं नाही.

तुम्ही म्हणाल, आनंद झाला असेल. नाही झाला. मी चिडलो. साठ-पासष्ट वर्षं ह्या हाताला कुणी ताटाजवळ येऊ दिलं नाही, ह्याला कुणी शिकवलं नाही, आणि हा असा जेवतो जणू रोज जेवतच होता! आणि उजवा, ज्याला एवढं शिकवलं, तो जन्मभर वरण मनगटापर्यंत ओघळवत राहिला. मी सगळं ताट संपवलं, हात धुतला, कडी काढली, आणि बायको आल्यावर म्हणलं, भूक नाही. ती ताट बघून काय समजायचं ते समजली. त्यानंतर ती जेवणाच्या वेळेला काहीतरी काम काढून बाहेर जायची आणि मी कडी लावायचो. असं ते चाललं.

कडी लावून माणूस जन्म काढू शकतो. पण मे महिन्यात नातीचं लग्न निघालं. माझी लेक नांदेडला दिलेली, तिची ही थोरली पोरगी. मुलाकडचेही नांदेडचेच, आमच्यासारखेच लिंगायत, कापडाचे व्यापारी, घर जुन्या वळणाचं. लग्न म्हणजे जेवण आलं, आणि तिथं कुठली कडी?

आदल्या दिवशी एसटीनं नांदेडला गेलो. चारचौघांत आजोळचा माणूस म्हणून मला मान. लग्नाच्या सकाळी मी नवीन धोतर नेसून कार्यालयाच्या खोलीत बसलो होतो, तर लेक आली, मागोमाग बायको. दार लोटून घेतलं. मला वाटलं, पाया पडायला आली.

"अप्पा, एक सांगू? रागावू नका."

"रागावण्यासारखं असंल तर रागावणार."

"जेवायचं बघा. उभ्यानं ताट धरून जेवायला तुम्हाला एका हातानं जमणार न्हाई. आणि ज्येष्ठांची पंगत बसणार हाय, सोयऱ्यांच्या आबांच्या शेजारी तुमचं पान हाय. तर तुम्ही आत्ताच इथं खोलीत जेवून घ्या. आई भरवंल. मग पंगतीला नुसतं बसा. ताट पुढं राहू द्या. कुणाला कळत न्हाई."

"का? मी डाव्या हातानं जेवीन."

तिनं आईकडं पाहिलं. म्हणजे बोलणं आधीच झालं होतं. "अप्पा, ते लोक लई कडक हायत. सोयऱ्यांचे आबा तर डावा हात चपलेच्या पट्ट्यापुरताच ठिवतात, विभूतीला त्यो लागू देत न्हाईत. आजचा एक दिवस. पोरीला उद्यापासून त्याच घरात नांदायचंय."

पोरीला नांदायचंय, ह्यापुढं बापाला बोलता येत नाही. मी तोंड उघडलं. बायकोनं पुरी-भाजी, भात, बुंदी असं पोट फुटेपर्यंत भरवलं. बाहेर सनई वाजत होती आणि आत मला भरवत होते. जसं काही मी वेडा आहे आणि पाहुण्यांपासून लपवून ठेवलाय.

अक्षता पडल्या. पंगत बसली. सोयऱ्यांचे आबा, म्हणजे नवऱ्या मुलाचे आजोबा, माझ्या डाव्या बाजूला. पांढराशुभ्र सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज मोठा. "शरणार्थ, पाव्हणे!" म्हणाले. मी उपरण्याखाली दोन्ही हात घेऊन बसलो होतो, मान हलवली. पानं वाढली. हर हर महादेव झालं. लोक जेवायला लागले, मी बसून.

थोड्या वेळानं ते थांबले. "काय पाव्हणे, ताटाला हात लावून न्हाई राहिले?"

"काई न्हाई. जेवा तुम्ही."

काई न्हाई! नेमकं हेच रुसलेला माणूस म्हणतो. आमच्यात लग्नात मानपान राहिला की माणूस भांडत नाही, ताटावर बसतो आणि जेवत नाही, आणि विचारलं की म्हणतो काही नाही. हे मला त्या वेळी सुचलंच नाही. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांनी ठेवला म्हणून पलीकडच्यानं ठेवला. बघता बघता सगळी पंगत हात आवरून माझ्याकडं बघायला लागली.

"आजोळचा मान राहिला वाटतं," कुणीतरी म्हणलं.

"टॉवेल-टोपी केली का न्हाई म्हाताऱ्याला?"

"केली की काल."

"मग टोपी लहान झाली असंल!" मागनं कुणीतरी, आणि पोरंसोरं हसली.

जावई पळत आला. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "अप्पा, काय चुकलं आमचं?" मी म्हणलं, अरे काही चुकलं नाही. तो आणखी घाबरला. दोघं जण दुसरी टॉवेल-टोपी घेऊन आले, माझ्या टोपीवर दुसरी टोपी ठेवली, पुढं नारळ केला. नारळ घ्यायचा कसा? दोन्ही मनगटांच्या मधे धरून लेकरासारखा छातीशी घेतला, मांडीवर ठेवला आणि हात परत उपरण्याखाली नेले. बायकांच्या बाजूला लेक उभी होती, तोंडावर पदर. ती मला डोळ्यानं सांगत होती, काहीतरी करा. काय करू? तिनं सांगितलं तेच करत होतो.

सोयऱ्यांचे आबा मोठ्या मनाचे निघाले. निदान तोवर. म्हणाले, "पाव्हणे, आमचं चुकलं माकलं पदरात घ्या," आणि स्वतःच्या ताटातली बुंदी चिमटीत घेऊन माझ्या तोंडापुढं धरली. घास भरवला की रुसवा संपला, ही रीत. मी तोंड उघडलं. पोटात जागा नव्हती तरी गिळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता माझी पाळी. घेतलेला घास परत द्यायचा असतो, सोयरा सोयऱ्याला.

मी उपरण्याखालनं उजवा हात काढला. बुंदीत बोटं घातली. बोटं मिटत नव्हती, चिमूट धरत नव्हती. कशीबशी चार बोटांवर बुंदी उचलून वर नेली आणि ती सगळी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडली. पिवळे ठिपके, तूप, पाक.

"म्हातारबुवांनी घेतली वाटतं सकाळीच!" मागनं आवाज आला. हसायला लागले. ह्या वेळी मोठी माणसंही.

मला त्या हसण्यानं काय झालं सांगता येत नाही. मी ठरवलं वगैरे काही नाही. डावा हात बाहेर आला, त्यानं ताटातनं चिमूटभर बुंदी उचलली, नीट, एक दाणा न सांडता, आणि आबांच्या तोंडापुढं नेऊन थांबला.

हसणं बंद झालं. आबांनी ओठ मिटले.

"पाव्हणे," ते हळू म्हणाले, "उजव्यानं द्या."

"उजवा मोडलाय."

"मग राहू द्या. डाव्यानं आमच्यात चालत न्हाई."

"आमच्यातबी चालत न्हाई," मी म्हणलं. "पर मी डावराच हाय. जन्माचा. आईनं बांधून ठेवला, मास्तरानं मारला, तरी ह्यो मेला न्हाई. माझा हात म्हणून जो काय हाय त्यो ह्योच. खायचं तर खावा, न्हाई तर मी काय रुसलेलो न्हाई, सकाळपासनं उगंच लोकांनी मला रुसवून ठिवलंय."

लेक "अप्पा!" म्हणून ओरडली.

 आबांनी स्वतःचा उजवा तळहात पुढं केला. मी बुंदी त्या हातावर ठेवली. त्यांनी ती ताटाच्या कडेला ठेवून दिली. नंतर खाल्ली का टाकली, मी पाहिलं नाही, कारण मी जेवायला बसलो होतो. पोट गळ्यापर्यंत भरलेलं, आणि तरी मी वांग्याची भाजी, पुऱ्या, भात, वरण, सगळं डाव्या हातानं खाल्लं. वाढप्याला हाक मारून आणखी भात घेतला. घास उतरत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते भातानं आलं, दुसरं काही नाही. पण सगळी पंगत उठेपर्यंत मी जेवत होतो, आणि ज्याला बघायचं त्याला बघू दिलं.

संध्याकाळी पाठवणी झाली. नात सगळ्यांच्या पाया पडत माझ्याजवळ आली. वाकून उठली आणि रडता रडताच म्हणाली, "आजोबा, सासरे विचारत होते, तुमच्या आजोळचे सगळे असेच तापट आहेत का. मी म्हणलं, अजून तुम्ही आज्जीला बघितलं न्हाई." तिला हसू आलं, मलाही आलं. मग तिनं डोकं खाली केलं. आशीर्वादाला मी हात उचलला, आणि उचलला तो उजवा. ताठ बोटांचा, जड. त्या बोटांना तिचा केसही कळला नाही. डावा रिकामाच होता, पण मी तो पाठीमागं नेला. लग्नाच्या फोटोत होता तसा.

गाडी गेली. लेकीच्या घरी आलो. गच्चीवर खाट टाकली होती, तिथं बसलो. लेक पाणी घेऊन आली, तांब्या ठेवला, आणि तांब्याकडंच बघून बोलली. "एक दिवस, अप्पा. एक दिवस दम धरवला न्हाई?"

"सत्तर वर्सं धरलाय."

"मग आणखी एक दिवस धरला असता तर काय बिघडलं असतं?"

मी तांब्या उचलून पाणी प्यालो. ती खाली गेली. तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही, आणि माझंही वाटत नाही. चिडायला माणूस सापडत नव्हता, म्हणून मी स्वतःवरच चिडत बसलो. भर मांडवात लोकांना छाती काढून सांगितलं, हाच माझा हात. आणि पोरीच्या डोक्यावर ठेवायची वेळ आली तेव्हा मीच म्हणलं, हा नको. तिथं ना सोयरे आडवे आले, ना आई, ना मास्तर. आबांनी निदान तळहात पुढं केला होता. मी तेवढंही केलं नाही.

तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. हात मोडल्यापासनं मी लिंगपूजा केली नव्हती. आमच्यात आंघोळीनंतर गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतात आणि उजव्या हातानं पाणी, विभूती, बेल वाहतात. उजव्यानं वाहता येत नाही आणि डाव्यानं वाहायचं नाही, म्हणून मी पूजा बंद केली होती. पूजाअर्चा सांगणाऱ्या जंगमस्वामींनी सांगितलं नव्हतं, बायकोनं नाही, कुणीच नाही. माझी मीच बंद केली होती. आणि आयुष्यभर रोज सकाळी देव बसायला मात्र तो डावाच हात चालत होता! बसवायचं त्याच्यावर आणि बेल वाहायला दुसरा. ह्याचा मी कधी विचार केला नाही. विचार करायला मला कुणी शिकवलंही नाही, पण ते काही शिकवावं लागत नाही.

मी देवावरही चिडलो थोडा. मग झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून आंघोळ केली. लेकीच्या देवघरापुढं पाट घेतला. ती चहा टाकत होती, तिनं पाहिलं आणि गॅस बारीक केला. गळ्यातली चांदीची डबी डाव्या अंगठ्यानं उघडली, लिंग काढलं, आणि मोडलेला उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटत नाहीत, पण पसरून तेवढी राहतात. मग डाव्या हातानं पळीभर पाणी घातलं, विभूती लावली, बेल वाहिला, आणि उठून लेकीला म्हणलं, "चहा दे, जरा जास्त साखर घालून."